पहाटे न ओढणारा रिले : द्राक्षबागेच्या मोटारीसाठी केलेल्या ट्रान्झिस्टर स्विचच्या नोंदी

१९ डिसेंबर

निफाड तालुक्यात आमची थॉमसन जातीच्या द्राक्षांची दोन एकर बाग आहे. मणी सध्या फुगवणीत आहेत. पारा दहाच्या खाली उतरला की फुगवण मंदावते, आणि कडाका वाढला की मणी तडकतात. तडकलेल्या मण्यात बुरशी शिरली की तो घड गेलाच. यावर इथले बागायतदार दोन गोष्टी करतात. बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे विहिरीचं पाणी ठिबकने सोडतात. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा पुष्कळ कोमट असतं. परवा मोजलं तर २३ अंश भरलं.

त्यासाठी अण्णा रोज साडेतीनला उठून मोटारीच्या खोलीवर जातात. वय ७१. मागच्या हिवाळ्यात अंधारात बांधावरून पाय घसरला आणि दीड महिना मनगट प्लास्टरमध्ये होतं. यंदा त्यांची ही खेप बंद करायची, एवढाच या कामाचा हेतू.

बेत असा : बागेत तारेवर डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर, मोटारीच्या खोलीत ईएसपी३२ हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड. तापमान ८ अंशांच्या खाली गेलं की बोर्डाची एक पिन हाय होईल (म्हणजे तिच्यावर ३.३ व्होल्ट येतील), ट्रान्झिस्टर रिले, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने चालणारं बटण, ओढेल आणि रिले पुढे मोटार चालू करणाऱ्या स्टार्टरला इशारा देईल. आमच्या फिडरला (वीजवाहिनीला) ज्या आठवड्यात रात्रीची थ्री फेज असते तेव्हाच याचा उपयोग, पण तेव्हाच तर अण्णांना उठावं लागतं.

स्टार्टरला आत्ता हात लावायचा नाही. आधी ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता जोडणी करायच्या भोकांच्या पाटीवर, रिलेचा 'टक' भरवशाने यायला हवा.

२१ डिसेंबर

दुपारी घरात टेबलावर जोडणी केली. ५ व्होल्टचा निळा चौकोनी रिले, त्याच्या कॉइलचं एक टोक ५ व्होल्टला, दुसरं बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. एमिटर ग्राउंडला. बेस या तिसऱ्या पायात थोडा करंट सोडला की कलेक्टरकडून एमिटरकडे मोठा करंट वाहतो. ईएसपी३२ च्या पिनेपासून बेसपर्यंत १० के चा, म्हणजे १० हजार ओहमचा, रेझिस्टर. कॉइलला आडवा १एन४००७ डायोड, पांढरी पट्टी ५ व्होल्टकडे. वीज मोबाइलच्या चार्जरची, मल्टिमीटरवर ४.९५ व्होल्ट.

बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण २एन३९०४ तसाच दिसतो आणि त्याचे पाय बरोबर उलट्या क्रमाने आहेत. कलेक्टर-एमिटर उलटे लागले तरी ट्रान्झिस्टर थोडाफार चालतो, फक्त गेन, म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरमधून जातो तो आकडा, अगदीच कमी मिळतो, त्यामुळे चूक लवकर ध्यानात येत नाही. डिप्लोमाला असताना प्रयोगशाळेत एसएल१०० होते, धातूच्या टोपीचे. टोपीच्या कडेला बारीकशी जीभ, तिच्याजवळचा पाय एमिटर. ते बोटांनासुद्धा कळायचं.

१० के चा आकडा माझ्या जुन्या वहीतला आहे. तिथे याच ट्रान्झिस्टरने एक एलईडी लावला होता.

प्रोग्राममध्ये पाच सेकंद हाय, पाच सेकंद लो. रिले व्यवस्थित टक-टक करतो. अर्धा तास चालू ठेवला, एकदाही चुकला नाही. समाधान वाटलं.

२३ डिसेंबर

काल रात्री सगळं मोटारीच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी सेन्सरने ७ अंश दाखवले. पिनेवर लावलेला खुणेचा एलईडी पेटला. रिले गप्प.

पिनेला एलईडी लागतोय म्हणजे प्रोग्राम आणि सेन्सर आपापलं काम करताहेत. बिघाड एलईडीच्या पुढे आहे. ब्रेडबोर्ड हलवून पाहिला, जंपर दाबले, रिले काढून परत बसवला. काही नाही. अण्णांनी नेहमीप्रमाणे हाताने मोटार लावली, मला काही बोलले नाहीत.

घरी आणून साडेदहाला परत वीज दिली. पहिल्याच फटक्यात टक.

असा बिघाड सगळ्यात वाईट. समोर चालतो आणि शेतात रुसतो.

२४ डिसेंबर

पहिला संशय साहजिकच जोडांवर. सायकलच्या कॅरिअरवरून धक्के खात गेलेला ब्रेडबोर्ड. म्हणून सगळ्या जंपर काढून नव्या, थोड्या जाड तारांनी जोडलं, आणि रिलेला ऐसपैस जागा मिळावी म्हणून तो बोर्डाच्या उजव्या अर्ध्या भागात सरकवला.

आता दुपारीही बंद.

दोन तास यात गेले. शेवटी मल्टिमीटरचं काळं टोक ग्राउंडला ठेवून लाल टोक ५ व्होल्टच्या लांब पट्टीवर एकेका भोकात घालत गेलो. डावीकडे ४.९५, ४.९५, ४.९५ आणि मध्याच्या पुढे शून्य. या लांब ब्रेडबोर्डांपैकी काहींची कडेची पट्टी मध्यावर तुटक असते. नीट पाहिलं तर छापलेली लाल रेघसुद्धा तिथे खंडित आहे. चारही पट्ट्यांवर मध्ये छोटा तुकडा घालून दोन्ही अर्धे जोडले. नवा बोर्ड हातात आला की हे आधी करायचं, मग बाकीचं.

दुपारी रिले पुन्हा चालू. पण पहाटेचं कोडं तसंच आहे, कारण २३ तारखेला सगळी मांडणी डाव्याच भागात होती.

२६ डिसेंबर

काल ढग होते, १३ अंशांच्या खाली गेलं नाही. चाचणीचा हाय-लो प्रोग्राम लावून ठेवला होता, त्यावर रिले सबंध रात्र चालला. आज आकाश निरभ्र, आणि ५ वाजता पुन्हा ७ अंश. या वेळी मल्टिमीटर, वही आणि हातमोज्यांची बोटं कापलेली जोडी घेऊन बसलो होतो. ठरवलं होतं की आज काहीही हलवायचं नाही, दाबायचं नाही. फक्त मोजायचं.

पिन कायमची हाय ठेवली. पिनेवर ३.३० व्होल्ट. बेसच्या रेझिस्टरवर २.५८ व्होल्ट, म्हणजे ०.२५८ मिलिअँप बेसमध्ये जातोय. बेस-एमिटर ०.७२. इथपर्यंत पुस्तकासारखं.

मग कॉइलवर. ४.९ च्या आसपास अपेक्षित होतं. आकडा आला २.६. पण तो स्थिर नव्हता. २.६१, २.६४, २.६७ असा हळूहळू चढत होता. मिनिटाभराने २.९५ च्या आसपास टेकला. कलेक्टर-एमिटरमध्ये उरलेले २ व्होल्ट.

त्या सरकत्या आकड्याकडे मी बराच वेळ बघत बसलो. सैल जोड उड्या मारतो, तो असा धीम्या गतीने चढत नाही. धीम्या गतीने चढते ती उष्णता. ट्रान्झिस्टरमध्ये २ व्होल्ट आणि ४० ते ४६ मिलिअँप म्हणजे जवळजवळ ९० मिलिवॅट. एवढ्याशा काळ्या दाण्याला ते पुरेसे आहेत. तो स्वतःच्याच उष्णतेने गरम होतोय आणि गरम होईल तसा जास्त करंट सोडतोय.

हातमोज्यातून बाहेर आलेल्या अंगठ्याने आणि तर्जनीने ट्रान्झिस्टर चिमटीत धरला. ते काळं प्लास्टिक नखाएवढंही नाही. बोटं शेकोटीवर शेकलेली होती. मल्टिमीटरवर २.९८. ३.०१. ३.०५. मी पंधरापर्यंत मोजलं असेल. ३.१० च्या पलीकडे गेलं आणि रिले टक करून ओढला.

अण्णा बाहेर शेकोटीपाशी होते. आवाज ऐकून दारात आले. "लागला का रे?"

"लागला अण्णा. पण अजून पक्का नाही. तुम्ही आज हातानेच लावा मोटार."

चिमटी सोडली तरी रिले ओढलेलाच राहिला. तेही बरोबर आहे. एकदा पट्टी कॉइलला चिकटली की धरून ठेवायला फार कमी करंट लागतो. पिन लो करून परत हाय केली, पुन्हा गप्प. चिमटीत धरला, पुन्हा टक. चार वेळा केलं, चारही वेळा तसंच. रिलेला हात लावून शेकला तर काहीच फरक नाही. बोर्ड शेकला, नाही. फक्त ट्रान्झिस्टर.

२७ डिसेंबर

आज दिवसभर टेबलावर बसून हिशोब लावला.

रिले नक्की कितीला ओढतो ते आधी पाहिलं. व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या एलएम३१७ च्या छोट्या मॉड्यूलवरून कॉइलला थेट व्होल्टेज देत हळूहळू वाढवलं. ३.३ ला टक. दुपारी २८ अंशांना कॉइल ६९ ओहम भरली, म्हणजे या रिलेला ओढायला सुमारे ४८ मिलिअँप लागतात. पूर्ण ५ व्होल्ट मिळाले तर तो ७० च्या आसपास घेतो. म्हणजे भरपूर मोकळीक असायला हवी होती.

आता माझी जोडणी, दुपारची. कॉइलवर ३.६६ व्होल्ट, करंट ५३ मिलिअँप, कलेक्टर-एमिटरवर १.२९ व्होल्ट. दुपारी 'व्यवस्थित' चालणारा रिले खरं तर काठावर चालत होता. ४८ लागतात, ५३ मिळत होते. मी २१ तारखेला टक-टक ऐकून समाधान मानलं. कलेक्टर-एमिटरवर मल्टिमीटर एकदा ठेवला असता तर तिथेच कळलं असतं. स्विच म्हणून पूर्ण उघडलेल्या ट्रान्झिस्टरवर दोन-तीन दशांश व्होल्टच्या वर काही उरता कामा नये. १.२९ उरले म्हणजे दार अर्धवट लोटलेलं आहे.

अर्धवट उघडलेल्या अवस्थेत कलेक्टरचा करंट ठरतो बेसचा करंट गुणिले गेन या हिशोबाने. दुपारी ०.२६१ गुणिले साधारण २०३, म्हणजे ५३. पहाटे ०.२५८ गुणिले साधारण १७८, म्हणजे ४६. तापमान उतरलं की गेनही उतरतो, अंशाला अर्धा-पाऊण टक्का. शिवाय थंडीत बेस-एमिटरचा व्होल्टेज अंशाला २ मिलिव्होल्टने चढतो, त्यामुळे बेसचा करंटही किंचित घटतो. दोन्ही मिळून ५३ चे ४६ झाले आणि ४८ ची रेघ मध्ये सापडली.

मला आधी वाटलं होतं की थंडीने रिलेच आखडत असेल. झालं उलटंच आहे. तांब्याचा रोध अंशाला ०.३९ टक्के घटतो, पहाटे तीच कॉइल ६४ ओहम होती. ट्रान्झिस्टर पूर्ण उघडा असता तर रिलेला पहाटे दुपारपेक्षा जास्त करंट मिळाला असता. रिलेला थंडी चालते. नडला तो माझा १० के.

पाकिटातले आणखी दोन बीसी५४७ घेतले. तिघांवरही 'बी' अक्षर आहे. मल्टिमीटरच्या गेन मोजणाऱ्या एचएफई सॉकेटमध्ये पहिला २८६, दुसरा २४३, तिसरा ३५८. त्याच १० के वर एकेक बसवून पाहिला :

दुसरा दुपारच्या उन्हातही रिले ओढत नाही.

तिसरा कॉइलवर ४.३ व्होल्ट देतो. हाच पहिल्या दिवशी हाताला लागला असता तर कदाचित पहाटेही चालला असता, मी पुढे सोल्डर करून मोकळा झालो असतो, आणि एखाद्या हिवाळ्यात ट्रान्झिस्टर बदलायची वेळ आली की नेमका दुसरा लागला असता.

सदोष कोणीच नाही. 'बी' गटाची हद्दच २०० ते ४५० आहे. आणि तो आकडाही २ मिलिअँपला मोजलेला. ५० मिलिअँपच्या वर याच ट्रान्झिस्टरचा गेन उतरतो, म्हणून सॉकेटमधले २८६ माझ्या जोडणीत २०३ झाले. मल्टिमीटरचं ते सॉकेट अगदी थोड्या करंटवर मोजतं. ते जोड्या लावायला ठीक, स्विचचा हिशोब त्यावर करायचा नाही.

स्विचचा हिशोब डेटाशीटच्या दुसऱ्या ओळीत आहे, ती मी आजवर नीट वाचलीच नव्हती. सॅच्युरेशन व्होल्टेजच्या, म्हणजे पूर्ण उघडल्यावर कलेक्टर-एमिटरवर उरणाऱ्या व्होल्टेजच्या, ओळीत १० मिलिअँपला बेस ०.५, आणि १०० मिलिअँपला बेस ५. दोन्हीकडे वीसास एक. गेन २०० असो की ४५०, कंपनीने पूर्ण उघडण्याची हमी दिली आहे ती बेसला विसावा भाग दिला तर. मी दिला होता जवळजवळ दोनशेसत्तरावा.

१० के एलईडीला पुरायचा कारण तिथे १० मिलिअँपच लागायचे. रिलेला सातपट लागतात, आणि मी रेझिस्टर तोच ठेवला.

नवा हिशोब : ७० भागिले २० म्हणजे ३.५ मिलिअँप. पिनेचे ३.३ वजा बेसचे ०.८, उरले २.५. भागून सुमारे ७१० ओहम. बाजारात मिळणारा त्याच्या खालचा ६८०. निळा, करडा, तपकिरी. ईएसपी३२ च्या पिनेला एवढा करंट सहज झेपतो.

२८ डिसेंबर

६८० बसवला. तिघांपैकी सगळ्यात कमी गेनचा, म्हणजे २४३ वाला, मुद्दाम लावला. टक.

कॉइलवर ४.७८, कलेक्टर-एमिटरवर ०.१७. काल १.२९ बघून मग ०.१७ बघणं, त्यात फार आनंद आहे. ट्रान्झिस्टर चिमटीत धरला, आकडा जागचा हलत नाही. आता तो तापतही नाही, त्याच्यात उरतात जेमतेम १२ मिलिवॅट.

पहाटेची वाट बघायची नव्हती. ब्रेडबोर्ड झाकणाच्या डब्यात ठेवला, डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, सेन्सर डब्यात आणि वीज दाराच्या रबराखालून. आईला दूध-भाजी दुसऱ्या कप्प्यात हलवावी लागली. तासाभरात ५ अंश. बाहेरून पिन हाय केली, फ्रिजच्या आतून टक ऐकू आला. शंभर वेळा केलं, आई मोजत होती. शंभरही आले. डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडला नाही, खोलीच्या तापमानाला येऊ दिला. नाही तर दमट हवेचं पाणी थेट पिनांवर बसतं.

२९ डिसेंबर

नाशिकच्या एका मित्राने सुचवलं की ट्रान्झिस्टर सोड, आयआरएफझेड४४एन मॉस्फेट लाव, ४९ अँपिअरचा आहे. विचार केला आणि नको म्हटलं. त्या मॉस्फेटचा थ्रेशोल्ड, म्हणजे तो उघडू लागायला त्याच्या गेट या पायावर लागणारा व्होल्टेज, २ ते ४ व्होल्टच्या मध्ये कुठेही असू शकतो आणि पूर्ण उघडण्याचा आकडा गेटला १० व्होल्ट देऊन मोजलेला असतो. माझ्याकडे ३.३. एखादा नग चालेल, एखादा नाही. ज्या खड्ड्यातून आत्ता बाहेर आलो त्याच्याच शेजारचा खड्डा. मॉस्फेटच लावायचा तर आयआरएलझेड४४एन, ज्याचा थ्रेशोल्ड १ ते २ आहे. ७० मिलिअँपसाठी तेवढ्या मोठ्या वस्तूची गरजही नाही.

पण बीसी५४७ ची कमाल मर्यादा १०० मिलिअँप आहे आणि आपण ७० वर आहोत. पक्क्या बोर्डावर बीसी३३७ लावीन. पाय त्याच क्रमाने, मर्यादा ८००.

३० डिसेंबर

पहाटे ८ अंशांच्या जरा खाली. रिले ओढला. पण सोडताना ईएसपी३२ रीसेट झाला. पुन्हा सुरू होऊन त्याने तापमान वाचलं, पुन्हा रिले ओढला, पुन्हा सोडला, पुन्हा रीसेट. हे चक्र चालूच. असंच स्टार्टरला जोडलं असतं तर मोटारीचं काही खरं नव्हतं.

ओढताना नाही, सोडताना. म्हणजे कॉइलचा उलटा झटका. करंट एकदम तोडला की कॉइल तो तसाच वाहता ठेवायला बघते आणि कलेक्टरवर ५ व्होल्टच्या कितीतरी पट मोठा टोला येतो. तो मुरवायलाच डायोड असतो. डायोड तर बसवलेला आहे, पट्टीही बरोबर बाजूला.

टॉर्च तिरपी धरून पाहिलं. १एन४००७ चे पाय जाड असतात, ब्रेडबोर्डच्या भोकात घट्ट जातात आणि आत गेलेत की नाही ते वरून कळत नाही. एक पाय कलेक्टरच्या ओळीत नव्हताच. शेजारच्या रिकाम्या ओळीत होता, आणि तिथेही अर्धवटच घुसलेला. परवा २४३ वाला बसवताना डायोड बाहेर काढला होता, परत घालताना एक ओळ चुकली.

योग्य ओळीत बसवला, मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर कॉइलचं एक टोक उचलून तपासला, ०.५६. वीस वेळा सोडून पाहिलं, रीसेट नाही. तो २४३ वाला ट्रान्झिस्टर मात्र काढून टाकला. बीसी५४७ चा कलेक्टर-एमिटर ४५ व्होल्टपर्यंतच धरतो, आणि विनाडायोड तो किती टोले खाऊन बसलाय ते मला ठाऊक नाही. आज चालतोय म्हणून शेतात ठेवायचा नाही. रुपया-दोन रुपयांची वस्तू आहे.

२ जानेवारी

वीज गेली आणि आली. ईएसपी३२ जागा होताना रिले एकदा उगाच फडफडला. बोर्ड सुरू होताना पहिल्या काही क्षणांत पिन ना हाय असते ना लो, आणि काही पिना तर थोडा वेळ स्वतःहून हाय होतात. दोन उपाय केले. अशी सवय नसलेली पिन निवडली, २६ नंबरची, आणि बेस व ग्राउंड यांच्यामध्ये १० के लावला, म्हणजे पिन अधांतरी असेल तेव्हा बेस खालीच राहील. हा १० के बेसच्या करंटमधला ०.०८ मिलिअँपच खातो, चालेल. वीस वेळा वीज बंद-चालू केली, एकदाही फडफड नाही.

५ जानेवारी

वायरमनदादा येऊन गेले. स्टार्टर उघडल्यावर पहिली गोष्ट त्यांनी दाखवली ती कॉइलवरची खूण : ४१५ व्होल्ट. माझ्या निळ्या रिलेवर छापलंय १० अँपिअर, २५० व्होल्ट. तो थेट तिथे लावायचा नाही, हे आमचं दोघांचं एकमत झालं. मध्ये एक २३० व्होल्ट कॉइलचा छोटा कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त व्होल्टेज झेलणारा दणकट रिले, घातला. रिले त्या कॉन्टॅक्टरला चालवणार, कॉन्टॅक्टरचे पॉइंट हिरव्या बटणाला समांतर. रिले फक्त ३ सेकंद ओढायचा, म्हणजे कोणी हिरवं बटण दाबून सोडल्यासारखं. पुढे स्टार्टर स्वतःला धरून ठेवतो. लाल बटण, ओव्हरलोड, फेज गेल्यावर बंद होणं, सगळं जसंच्या तसं राहिलं. दादांनी मेन उतरवून, टेस्टरने तिन्ही फेज पाहून मगच हात घातला. ४१५ च्या बाजूची एकही तार मी जोडली नाही.

प्रोग्राममध्ये एक अट वाढवली. डीएस१८बी२० कधीकधी वीज आल्या आल्या नेमके ८५ अंश देतो, आणि तार तुटली तर उणे १२७. पहिला आकडा निरुपद्रवी, दुसऱ्यावर मात्र मोटार लागेल. दोन्ही आकडे आले तर दुर्लक्ष, आणि सलग तीन वाचनं ८ च्या खाली आली तरच रिले.

११ जानेवारी

ब्रेडबोर्ड निवृत्त. झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकांच्या पक्क्या पाटीवर, सगळं सोल्डर केलं. बीसी३३७, बेसला ६८०, बेस-ग्राउंड १० के, डायोड थेट रिलेच्या पायांवर. कलेक्टर-एमिटर, भारासकट : ०.०९ व्होल्ट. हा आकडा मार्करने डब्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवला. उद्या मी नसताना कोणी उघडलं तर मल्टिमीटर कुठे ठेवायचा आणि काय दिसायला हवं ते कळेल.

१४ जानेवारी

रात्रीच्या थ्री फेजचा आठवडा सुरू झाला. पहाटे ४ वाजून ३५ मिनिटांनी ७.९, ७.९, ७.८. खोलीतून आधी बारीक टक, मग कॉन्टॅक्टर, मग स्टार्टरचा दणका, आणि मोटार लागली. मी घराच्या ओट्यावरून ऐकत होतो.

अण्णा सवयीने साडेतीनलाच उठले होते. अंथरुणातच घोंगडी पांघरून खिडकीशी बसले, मोटारीच्या खोलीवरचा दिवा लागेपर्यंत. दिवा लागल्यावर मला म्हणाले, "पाणी शेवटच्या ओळीला पोचतंय का तेवढं बघून ये." मी गेलो. शेवटच्या ओळीला ड्रिपर टिपकत होते, माती हाताला कोमट लागली. परत येईपर्यंत अण्णा झोपले होते.